धड बंद करण्याआधी

फायटर विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल हे एकट्या माणसाचं काम आहे. १/७२ मापातलं स्पिटफायर एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर भरतं. चार रविवार बसलात तर पाचव्या रविवारी कपाटात जातं. बॉम्बरचं तसं होत नाही. बी-२४ लिबरेटरचे पंख त्याच मापात साडेसेहेचाळीस सेंटिमीटर लांब होतात. चार इंजिनं, पंख्यांची बारा पाती, बंदुकांच्या बुरुजांवरची काच, दुहेरी शेपूट. शिवाय यातल्या बहुतेक चुका धड चिकटवताना कळत नाहीत, रंग लावायची वेळ आली की कळतात. म्हणून हौशी मंडळी बॉम्बर मिळून करतात. मॉडेल ज्याचं त्याचं, पण विषय एक, मुदत एक आणि महिन्यातून एकदा टेबलही एक. याला ‘ग्रुप बिल्ड’ म्हणतात. पुण्यातल्या आमच्या गटाचा या खेपेचा विषय आहे भारतीय हवाई दलाची बॉम्बर विमानं. नियम दोनच: किट आधीच सुरू केलेलं असेल तर पाव भागापेक्षा जास्त झालेलं नको, आणि धड बंद करण्याआधी ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं. पहिल्या नियमाला पळवाटा काढल्या जातात. दुसऱ्याला कुणी काढत नाही.

मापाचं आधी सांगून टाकतो. १/७२ म्हणजे सहा फुटांचा एक इंच, त्यामुळे सहा फुटी माणूस या मापात बरोबर एक इंच उंच असतो. १/४८ मध्ये हेच लिबरेटर सत्तर सेंटिमीटर रुंद होतं आणि १/३२ मध्ये मीटरच्याही वर जातं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसानं बॉम्बर १/७२ मध्येच करावं, असं माझं स्वच्छ मत आहे. मॉडेल पूर्ण होतं, पण ते ठेवायचं कुठे हा प्रश्न घरातल्या लोकांना आपल्या आधी पडलेला असतो.

विषय भारतीय हवाई दल म्हटल्यावर निवडायला तीन मुख्य विमानं. पहिलं व्हल्टी व्हेंजन्स, दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन वापरत होत्या ते. एक इंजिन, दोन माणसं, सूर मारून बॉम्ब टाकणारं. दुसरं इंग्लिश इलेक्ट्रिक कॅनबेरा, १९५७ मध्ये आलेलं आणि २००७ मध्ये निवृत्त झालेलं दोन जेट इंजिनांचं विमान. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरांनीच. तिसरं लिबरेटर, आणि त्याची गोष्ट तिघांत सगळ्यात विलक्षण.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेनं ‘लेंड-लीज’ या उसनवारीच्या योजनेखाली दिलेली लिबरेटर इंग्रजांना ठेवून घ्यायची नव्हती, परत पाठवायचीही नव्हती. ती कानपूरला उभी करून मोडून टाकली. पत्रा फोडला, उपकरणं ठेचली, इंजिनांत वाळू घातली. स्वातंत्र्यानंतर जड बॉम्बर कुठून आणायचं असा प्रश्न आला, तेव्हा हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्याच भंगारातून एकेक विमान उडण्याजोगं केलं आणि कानपूरहून बंगळुरूला उडवत नेलं. तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. १९४८ च्या अखेरीला ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पहिली लिबरेटर मिळाली आणि १९६८ पर्यंत ती आपल्याकडे उडत होती. आज जगातल्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यांतली बरीच मूळची हीच. लंडनच्या आरएएफ म्युझियममधलं आपलं, अ‍ॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलंही आपलं.

या इतिहासाचा मॉडेल करणाऱ्याला थेट उपयोग होतो. किट घेताना आधी नाक बघायचं. लिबरेटरच्या ‘डी’ प्रकाराचं नाक नुसतं काचेच्या तावदानांचं असतं. ‘जे’ आणि त्यापुढच्या प्रकारांत तिथे बंदुकांचा बुरूज बसवलेला असतो. आपल्याला हवं ते बुरूजवालं. एअरफिक्सचं १९६३ चं किट ‘जे’ प्रकाराचंच आहे आणि जुन्या बाजारात मिळतं, पण त्याच्या सगळ्या अंगावर फोडांसारखे उठलेले रिव्हेट आहेत. ते घासून काढण्यात एक महिना जातो. हासेगावाचं नंतरचं किट बारीक कोरलेल्या रेषांचं आणि देखणं आहे, किंमतही तशीच. गट असण्याचा पहिला फायदा इथेच होतो. प्रत्येकाच्या माळ्यावर न उघडलेल्या किटांचा साठा असतो, आणि ‘माझ्याकडे कॅनबेरा पडून आहे, तू लिबरेटर दे’ हा व्यवहार पैशाविना होतो.

किट आलं की कात्री-चिमटा हातात घ्यायची घाई करू नये. सुटे भाग ज्यांना जोडून येतात ते सगळे प्लास्टिकचे सांगाडे कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाच्या चार थेंबांनी धुवायचे. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला ओशटपणा राहिला, तर पुढे रंग सोलून निघतो. वाळले की मोठे भाग कापून, कडा वॉटर पेपरनं साफ करून, चिकटपट्टीनं सगळं विमान कच्चं जोडून पाहायचं. गोंदाचा एक थेंबही न लावता. हे कच्चं विमान घेऊन गटात येणं ही आमची पहिली खरी बैठक. पंख धडाला कुठे फट ठेवतात, शेपटीचा आडवा पंख सरळ बसतो की कलतो, हे चार जणांच्या डोळ्यांना दोन मिनिटांत दिसतं. आमच्यात एक निवृत्त टूलरूमवाले काका आहेत. ते खिशातून गुण्या काढतात, लिबरेटरच्या दोन उभ्या शेपट्यांना लावतात आणि म्हणतात, “हे बघ, डावी पडलीय. आत्ता कानस मार, नंतर रडू नकोस.”

आता मुख्य भानगड. लिबरेटर उभं राहतं पंखांखालच्या दोन मोठ्या चाकांवर आणि नाकाखालच्या तिसऱ्या चाकावर. मॉडेलमध्ये मोठ्या चाकांच्या मागे लांबलचक धड, दुहेरी शेपूट आणि शेवटचा बुरूज येतो. पुढे नाक आखूड आणि निम्मं पोकळ. त्यामुळे काही न करता जोडलेलं लिबरेटर टेबलावर ठेवलं की नाक वर करून शेपटीवर बसतं. उपाय म्हणजे नाकात वजन, आणि ते धड बंद करण्याआधीच घालावं लागतं. किती घालायचं याचा अंदाज करू नये, मोजावं.

कच्च्या जोडलेल्या विमानाला इंजिनं, शेपट्या, बुरूज, सगळं चिकटपट्टीनं लावायचं. मोठ्या चाकांचा आस जिथे येतो, त्या रेषेखाली एक स्टीलची पट्टी उभी धरून त्यावर विमान तोलायचं. नाकाच्या टोकाला छोटी प्लास्टिकची पिशवी लटकवून तिच्यात छर्रे टाकत जायचं. नाक खाली गेलं की पिशवी वजनकाट्यावर ठेवायची. समजा २० ग्रॅम भरले. पण टोकाला तर काचेचा बुरूज आहे, तिथे शिसं ठेवता येत नाही. पट्टीपासून निम्म्या अंतरावर जागा असेल तर तिथे ४० ग्रॅम लागतील, कारण अंतर जितकं घटेल तितकं वजन वाढवावं लागतं. वर पुटी आणि रंग शेपटीकडेही बसणार, म्हणून थोडं जास्तच घालायचं.

जागा कुठली? वैमानिकाच्या फळीखाली, नाकाच्या चाकाच्या खोबणीच्या दोन्ही बाजूंना, आणि सहसा कुणाला न सुचणारी म्हणजे चारही इंजिनांच्या मागची पोकळी. इंजिनं मोठ्या चाकांच्या पुढे असतात, त्यामुळे तिथलं वजन नाकाच्याच बाजूनं काम करतं. शिसं कोळ्यांच्या जाळ्याच्या गोळ्यांतून मिळतं, नाहीतर टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायचे जुने तुकडे असतात. ते बसवायला फेविकॉल वापरू नये, हे ठळक अक्षरात लिहून ठेवा. बंद पोकळीत पांढऱ्या गोंदाची आणि शिशाची प्रक्रिया होत राहते, शिसं पांढरं पडून फुगतं आणि काही वर्षांनी धड शिवणीवर आतून उकलतं. अ‍ॅराल्डाइट वापरा. शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि ते कापायचं असेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको. नाक जड झालं की पुढच्या चाकाची प्लास्टिकची काडी वाकते, तिथे आधीच पितळी तार घालावी.

यानंतर धड दुसऱ्याच्या हातात जातं. तो ते हलवून बघतो, कारण सुटा छर्रा आत खुळखुळत राहिला तर जन्मभर खुळखुळतो. खिडक्या आतून लावल्या का, आतला रंग खिडकीच्या कडेला पोचला का, चाकाची खोबणी बसवली का, हे तो विचारतो. विमान त्याचं नसल्यामुळे त्याला चिकटवायची घाई नसते. या पद्धतीचं सगळं मर्म एवढंच आहे.

चिकटवायला पातळ सिमेंट लागतं. ते नावालाच गोंद आहे. प्रत्यक्षात ते प्लास्टिक विरघळवतं आणि दोन कडा एकमेकींत वितळून एक होतात. दोन भाग घट्ट धरून फटीला कुंचल्याचं टोक लावलं की द्रव आपोआप आत ओढला जातो. फेविक्विकनं काचेचे भाग लावू नयेत, त्याच्या वाफेनं काच धुरकट होते. तिथे मात्र फेविकॉल उत्तम, वाळल्यावर दिसत नाही. शिवणींची पुटी आणि घासकाम याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते कंटाळवाणं असतं आणि करावंच लागतं.

रंगाचं मात्र सांगण्यासारखं आहे. आपली लिबरेटर बहुतांशी उघड्या अ‍ॅल्युमिनियमची होती, त्यांच्यावर हिरवे-करडे पट्टे नव्हते. धातूच्या रंगाखाली आधी चकचकीत काळा थर मारतात, कारण वरचा चंदेरी थर अतिशय पातळ असतो आणि खालच्या काळ्या गुळगुळीतपणावरच त्याला धातूची झाक येते. पण हाच थर वॉटर पेपरचा प्रत्येक ओरखडाही दाखवतो. शिवण नीट घासली की नाही याचा निकाल इथे लागतो. एकसारखी चांदी दिली तर विमान खेळण्यासारखं दिसतं. म्हणून निरनिराळे पत्रे झाकून त्यांना थोडी गडद, थोडी दुधी, थोडी निळसर छटा देतात. लिबरेटरच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. ही विमानं एकमेकांचे भाग घेऊन उभी केलेली होती. तेव्हा एखादा पत्रा शेजारच्यापेक्षा वेगळा दिसला तर ती चूक मानायची गरज नाही.

धातूच्या झाकेचे हे रंग लॅकरचे असतात, ते पावसाळ्यात मारू नयेत. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि चांदीवर पांढुरकी धूसर पडते. म्हणून आमचं वेळापत्रक पंचांगासारखं ठरलेलं आहे: जोडकाम आषाढ-श्रावणात, रंग दसऱ्यानंतर. कॉम्प्रेसर गटात एकच आहे, तो क्रमानं घरोघर फिरतो. फवारताना खिडकी उघडी आणि तोंडाला वाफेचा मास्क हवा. साध्या कापडी मास्कनं द्रावकाची वाफ अडत नाही.

शेवटी खुणा. परदेशी किटांत भारतीय डिकॅल क्वचितच असतात, ती छापून घ्यावी लागतात. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, आणि पारदर्शक कागदावरचा केशरी रंग चांदीवर लावला की मातकट दिसतो. म्हणून आधी विमानावर पांढरी तबकडी रंगवायची आणि तिच्यावर बाहेरून केशरी, आत हिरवं, मध्ये पांढरं कडं मोकळं सोडलेलं डिकॅल बसवायचं. एका ए-फोर कागदावर अख्ख्या गटाची वर्तुळं मावतात, खर्च वाटून जातो. वर्षही पाहायला हवं. तिरंगी वर्तुळ १९५० पासूनचं आहे, त्याआधी विमानांवर अशोकचक्र असायचं. १९४९ सालचं लिबरेटर करणाऱ्यानं तिरंगी वर्तुळ लावलं तर गटात कुणीतरी नक्की बोट ठेवतं. केशरी नेमका कुठला, यावर आमच्याकडे दर खेपेला वाद होतो आणि चहा थंड होतो.

डिकॅल बसवण्याआधी त्या जागी चकचकीत वार्निश द्यावं. खरखरीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकते आणि कड चांदीसारखी चमकते. मऊ करणारं द्रावण लावलं की ते पत्र्याच्या रेषांत बसतं. त्या वेळी बोट लावायचं नाही. सुरकुत्या दिसतील, वाळल्यावर जातात.

ज्याला पहिल्यांदाच बॉम्बर करायचं आहे, त्यानं लिबरेटरपासून सुरुवात करू नये. व्हेंजन्स घ्यावं. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे वजनाचा प्रश्नच येत नाही, आणि धातूचा रंग नसल्यानं घासकामातल्या चुकाही झाकल्या जातात. कॅनबेरा दुसऱ्या खेपेला, त्याला नाकात शिसं लागतंच. लिबरेटर तिसऱ्या खेपेला, आणि तेही निदान दोघा-तिघांबरोबर.