कायदा मौन बाळगतो तेव्हा

न्यू जर्सीच्या केप मे बंदरातून हेरिंग मासे पकडायला निघणाऱ्या बोटींवर सरकारी निरीक्षक असावा की नाही, याबद्दल वाद नव्हता. अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये संमत केलेल्या आणि पुढे वेळोवेळी दुरुस्त झालेल्या मत्स्यव्यवसाय कायद्यात तशी तरतूद आहे. वाद होता तो या निरीक्षकाचा खर्च कोणी सोसायचा, याचा. उत्तर पॅसिफिकमधील मासेमारीसाठी तो बोटमालकांकडून वसूल करावा, असे कायदा स्पष्ट सांगतो. अटलांटिकमधील हेरिंगबद्दल मात्र काहीच बोलत नाही. संघराज्याच्या मत्स्य विभागाने २०२० मध्ये नियम काढला, की इथेही भार बोटमालकांवरच पडेल. तो दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाणार होता. मच्छीमार न्यायालयात गेले. २८ जून २०२४ रोजी ‘लोपर ब्राइट’ खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने निरीक्षकाच्या पैशाचा प्रश्न खालच्या न्यायालयाकडे परत धाडला आणि चाळीस वर्षे चालत आलेले एक तत्त्वच मोडीत काढले. कायद्याचे शब्द संदिग्ध असतील आणि प्रशासनाने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायाधीशांनी तो मानावा, असे ते तत्त्व होते. यापुढे अर्थ लावण्याचे काम न्यायाधीशांचेच राहील.

अमेरिकेतील ज्या विचारपरंपरेने या निकालासाठी दोन-तीन दशके वाट पाहिली, तिला आपण ‘पुराणमतवादी’ म्हणतो. शब्द रूढ आहे म्हणून मीही तोच वापरतो, पण तो नेमका नाही. युरोपातील पुराणमतवाद राजा, चर्च आणि सरंजामी व्यवस्था राखायला निघाला. अमेरिकेत राखायचे आहे ते एका बंडातून जन्मलेले लिखित संविधान. त्यामुळे तिथला पुराणमतवादी सतत १७८७ कडे बोट दाखवतो आणि त्याची भाषा बहुधा सत्तेवर मर्यादा घालण्याची असते.

‘बहुधा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. जे तत्त्व आता मोडीत निघाले, ते १९८४ मध्ये ‘शेव्हरॉन’ खटल्यात प्रस्थापित झाले तेव्हा तो पुराणमतवाद्यांचाच विजय मानला गेला होता. रेगन यांच्या पहिल्या कारकीर्दीत पर्यावरण संरक्षण संस्थेने प्रत्येक धुराडे वेगळे न धरता अख्खा कारखाना हाच प्रदूषणाचा एक स्रोत मानायचे ठरवले. उद्योगांना हे सोयीचे होते. पर्यावरणवाद्यांनी आव्हान दिले आणि अपील न्यायालयात ते जिंकले. तो निकाल रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि कायद्याच्या मोकळ्या जागा भरण्याचा अधिकार प्रशासनाला दिला. पुढे पुराणमतवाद्यांचे आराध्य ठरलेले न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी १९८९ मध्ये एका जाहीर व्याख्यानात या तत्त्वाचे समर्थन केले. त्या काळी खालच्या न्यायालयांत उदारमतवादी न्यायाधीशांचा भरणा होता आणि प्रशासन रेगन यांच्या हाती होते, हेही लक्षात ठेवायला हवे. उद्योगांच्या सोयीचा तो अर्थ स्वीकारला गेला तेव्हा पर्यावरण संस्थेच्या प्रमुखपदी ॲन गोर्सच होत्या. २०२४ मध्ये ‘शेव्हरॉन’ला मूठमाती देताना सविस्तर सहमतीपत्र लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच हे त्यांचे चिरंजीव.

एवढ्यावरून पुराणमतवाद्यांचे सगळे घटनाशास्त्र म्हणजे निव्वळ सोय, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो अपुरा वाटतो, आणि याचे कारण माझ्या नोकरीत आहे.

सचिवालयात उपसचिव असताना अधिनियमांखालील नियमांचे मसुदे तयार करणे हे माझ्या कामाचा मोठा भाग होते. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द अधिनियमात जितक्या वेळा येतात, तितक्या वेळा विधिमंडळाने निर्णय घ्यायचे टाळलेले असते. परवान्याचे शुल्क किती, अपिलाची मुदत तीस दिवस की साठ, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने लेखी कारण द्यायचे की नाही, हे एक कक्ष अधिकारी आणि मी एका टेबलाशी बसून ठरवत असू. विधी विभाग भाषा तपासे, मंत्र्यांची सही होई, राजपत्रात अधिसूचना निघे आणि रिवाजानुसार नियम सभागृहाच्या पटलावर ठेवले जात. पटलावरच्या नियमांबद्दल एखाद्या सदस्याने उठून प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. ज्या दुकानदाराला एकतिसाव्या दिवशी अपील नाकारले जाई, त्याच्या दृष्टीने कायदा आम्हीच केलेला असे. आणि आम्हाला तर कोणी निवडून दिले नव्हते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ च्या दिल्ली कायदे संदर्भ प्रकरणात विधिमंडळाला आपले मूलभूत काम दुसऱ्यावर सोपवता येणार नाही, असे बजावले आहे. पण कुठले काम मूलभूत आणि कुठले तपशिलाचे, याची रेघ व्यवहारात आमच्या टेबलावरच ओढली जात असे.

अमेरिकी पुराणमतवाद्यांचा आक्षेप नेमका इथे आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा असा आहे. मॅडिसनने ‘फेडरलिस्ट’ लेखमालेत कायदा करणे, राबवणे आणि न्याय देणे या तिन्ही सत्ता एका हाती एकवटणे हेच जुलमाचे लक्षण मानले. वुड्रो विल्सन यांनी अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १८८७ मध्ये, प्रशासन हे राजकारणापासून वेगळे असे तज्ज्ञांचे शास्त्र आहे, अशी मांडणी केली. त्याच वर्षी रेल्वेदरांवर नियंत्रण ठेवणारा पहिला संघीय आयोग जन्माला आला. पुढे रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने अशा संस्थांचे जाळेच विणले. त्यांतल्या अनेक संस्था नियम करतात, नियमभंगाची चौकशी करतात आणि आपल्याच सेवेतील न्यायाधिकाऱ्यासमोर दंडही ठोठावतात. ‘लोपर ब्राइट’च्या आदल्याच दिवशी, ‘जार्केसी’ खटल्यात, रोखे नियामकाने फसवणुकीच्या आरोपावरून दंड मागितला तर आरोपीला ज्यूरीसमोर जाण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने ठरवले. ज्याने कधी विभागीय चौकशी पाहिली आहे, त्याला या निकालाचे आश्चर्य वाटू नये.

उपाय मात्र तितकासा पटत नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमतपत्रात काही साधी उदाहरणे दिली आहेत. ग्रँड कॅनियनवरून उडणाऱ्या विमानांचा आवाज कमी करून तिथली नैसर्गिक शांतता बऱ्याच अंशी परत आणावी, असे कायदा सांगतो. ‘बऱ्याच अंशी’ म्हणजे किती, हे न्यायाधीश कशाच्या आधारे ठरवणार? अमिनो आम्लांच्या एखाद्या साखळीला प्रथिन केव्हा म्हणायचे? याच आठवड्यात हवा प्रदूषणाच्या एका खटल्यात बहुमताचे निकालपत्र लिहिताना नील गोर्सच यांनी नायट्रोजन ऑक्साइड्सऐवजी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्य वापरतात तो वायू, असे पाच ठिकाणी लिहिले. नंतर ते दुरुस्त झाले. चूक कोणाचीही होते, पण कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीत ती झाली असती तर वरच्या टेबलावर पकडली गेली असती. सर्वोच्च न्यायालयाच्या वर टेबल नाही.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ‘लोपर ब्राइट’नंतर तीन दिवसांनी, १ जुलै रोजी, त्याच सहा न्यायमूर्तींच्या बहुमताने माजी अध्यक्षांना पदावरील कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून व्यापक संरक्षण दिले. अध्यक्षाने धडाडीने काम करावे, उद्याच्या खटल्याच्या भीतीने त्याचा हात आखडू नये, ही त्यामागची भूमिका. तिचे मूळ हॅमिल्टनमध्ये आहे. म्हणजे एकाच आठवड्यात मॅडिसनचा आधार घेऊन अधिकाऱ्याला आखडते केले आणि हॅमिल्टनचा आधार घेऊन अध्यक्षाला मोकळे. दोन्ही विचार पुराणमतवादी आहेत, दोन्ही अस्सल आहेत. पण ते एकाच घरात सुखाने नांदतील असे दिसत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या संदर्भात २७ मे १९३५ हा दिवस विसरता येत नाही. त्या दिवशी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रूझवेल्ट यांना एकाहून अधिक धक्के दिले. ब्रुकलिनच्या कोंबडीविक्रेत्या शेक्टर बंधूंच्या खटल्यात, काँग्रेसने उद्योगांचे नियमन करण्याचा निर्मर्याद अधिकार अध्यक्षाला बहाल करणे घटनाबाह्य ठरले. दुसरा खटला होता विल्यम हम्फ्री यांचा. संघीय व्यापार आयोगाच्या या सदस्याला रूझवेल्ट यांनी धोरणे जुळत नाहीत म्हणून काढले होते. हम्फ्री मरण पावले आणि त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने थकलेल्या पगारासाठी दावा लावला. अशा आयोगाच्या सदस्याला अध्यक्ष लहर लागली म्हणून काढू शकत नाही, असे न्यायालयाने एकमुखाने सांगितले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड हे त्या काळातले कट्टर पुराणमतवादी होते. त्यांच्या लेखी अध्यक्षाचा लगाम आणि अधिकाऱ्याचा लगाम ही एकाच घोड्याची सामग्री होती. आजच्या पुराणमतवाद्यांना शेक्टर निकाल पुन्हा जिवंत व्हायला हवा आहे आणि हम्फ्री निकाल पुसला जायला हवा आहे. २०२० मध्ये ग्राहक वित्त संरक्षण संस्थेच्या संचालकाचे संरक्षण काढून घेताना न्यायालयाने हम्फ्री निकालाची व्याप्ती बरीच आक्रसवली आहेच.

आयोगांच्या सदस्यांनंतर पाळी साध्या नोकरदारांची येते. ट्रम्प यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये एक आदेश काढून धोरणाशी संबंधित पदांवरील स्थायी कर्मचाऱ्यांची वेगळी अनुसूची केली, म्हणजे त्यांना काढणे सोपे जावे. बायडेन यांनी तो लगेच रद्द केला. पुन्हा निवडून आलो तर तो परत आणू, असे ट्रम्प २०२४ मध्ये सांगत होते. निवडून आलेल्या सरकारचे धोरण न निवडलेल्या माणसांनी अडवू नये, हा त्यामागचा युक्तिवाद कुठल्याही देशातील मंत्र्याला पटेल. पण अमेरिकेने हा प्रयोग एकदा केलेला आहे. १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एका पक्षकार्यकर्त्याने अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठे बक्षिसी म्हणून नोकऱ्या वाटण्याच्या पद्धतीविरुद्ध लोकमत पेटले आणि १८८३ च्या पेंडलटन कायद्याने स्पर्धा परीक्षा आली. ती कल्पना ब्रिटनकडून घेतलेली होती. आणि ब्रिटनच्याही आधी ती लागू झाली होती भारतातील सनदी सेवेला, १८५३ च्या सनदी कायद्याने. ऑक्टोबर १९४९ मध्ये सरदार पटेलांनी संविधान सभेत सेवांच्या संरक्षणाची बाजू मांडली, ती अधिकाऱ्यांच्या प्रेमापोटी नव्हे. मोकळेपणाने आपले मत मांडू शकणारा अधिकारी त्यांना सरकारसाठी हवा होता. अनुच्छेद ३११ चे कवच पांघरून झोपा काढणारे सहकारी मी पुष्कळ पाहिले. फाइलवर प्रतिकूल शेरा लिहून बदली पत्करणारेही पाहिले, आणि त्यांना ते कवच नसते तर शेरा लिहिला गेला नसता.

अर्थकारणात पुराणमतवाद्यांची कसोटी लागते ती आयात शुल्काच्या प्रश्नावर. शुल्क आकारण्याचा अधिकार संविधानाने काँग्रेसला दिला आहे. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यात तिने दर स्वतः ठरवले, त्याचे परिणाम भोगले, आणि १९३४ पासून हा अधिकार हळूहळू अध्यक्षाकडे सरकवला. १९६२ च्या कायद्यातील राष्ट्रीय सुरक्षेच्या कलमाचा आधार घेऊन ट्रम्प यांनी २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. त्याचे चटके आपल्यालाही बसले. जून २०१९ मध्ये भारताने प्रत्युत्तरादाखल अमेरिकी बदाम, अक्रोड, सफरचंद यांवरचे शुल्क वाढवले. पोलाद आयातदारांनी काँग्रेसला आपला अधिकार असा देऊन टाकता येत नाही, हा अगदी शेक्टर बंधूंचा मुद्दा घेऊन दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते प्रकरण ऐकायला नकार दिला. पर्यावरण संस्थेच्या प्रत्येक नियमात हुकूमशाही पाहणाऱ्या रिपब्लिकन लोकप्रतिनिधींपैकी बहुतेकांनी तेव्हा मौन पाळले. काही जुन्या धाटणीचे मुक्त व्यापारवादी बोलले, पण त्यांच्या पक्षात आता त्यांचे ऐकायला कोणी उरलेले नाही.

अध्यक्ष कोणीही असो, अर्थ लावायचा न्यायाधीशांनी आणि आदेश काढायचे अध्यक्षांनी, ही वाटणी इतक्यात बदलेल असे वाटत नाही. कायदा करण्यासाठी जे सभागृह संविधानात पहिल्या अनुच्छेदात बसवले आहे, त्याला या ओढाताणीत फारसा रस दिसत नाही. हेरिंग बोटींवरील निरीक्षकाचा खर्च कोणी द्यायचा, हे काँग्रेसला एका ओळीच्या दुरुस्तीने सांगता आले असते, आजही येईल. त्या मत्स्यव्यवसाय कायद्याखालील निधीमंजुरीची मुदत २०१३ मध्ये संपली. तेव्हापासून तिचे नूतनीकरण करणारे विधेयक दोन्ही सभागृहांतून पार झालेले नाही. दरवर्षी अंदाजपत्रकात पैसे ठेवले जातात आणि बोटी समुद्रात जातात.