नंबर घालवायचाय? आधी हे वाचा!

चष्मा घालवणाऱ्या लेझरची गोष्ट सुरू होते उरलेल्या जेवणापासून. माहीत आहे का? 27 नोव्हेंबर 1981, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी रंगास्वामी श्रीनिवासन घरची उरलेली टर्की घेऊन आयबीएमच्या लॅबमध्ये पोचले आणि तिच्यावर एक्सायमर लेझर सोडला. काप इतका स्वच्छ, की कडेला भाजल्याची खूणसुद्धा नाही! मद्रास विद्यापीठात शिकलेल्या या माणसाला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना पुढे व्हाइट हाउसमध्ये पदक मिळालं.

हा लेझर एका झटक्यात साधारण पाव मायक्रॉन उडवतो. डोक्यावरचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड. म्हणजे एक केस कापायला पावणेतीनशेच्या वर झटके! डोळा हलला तर? मशीनचा ट्रॅकर बुबुळाचा पाठलाग करतो. आपण फक्त लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघायचं. एका डोळ्यावर लेझर चालतो बहुतेक वेळा मिनिटभरही नाही. जळक्या केसांसारखा वास येतो, पण घाबरू नका, काहीही पेटलेलं नसतं.

आता खरी मेख. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते: साधारण 540 मायक्रॉन. ही आपली शिल्लक! लेसिक या लेझर ऑपरेशनमध्ये वरचा सुमारे 110 मायक्रॉनचा पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, खाली लेझर चालवतात आणि पान परत मिटतात. एका नंबरामागे खर्च 12 ते 15 मायक्रॉन. खाली किमान 250 राखून ठेवायचेच. आता उणे 10 नंबर आणि 500 चा पातळ कॉर्निया घ्या. 110 गेले, नंबरापायी 140 गेले, उरले 250. खातं थेट काठावर! म्हणून मैत्रिणीला जमलेलं ऑपरेशन तुम्हाला जमेलच असं नाही.

मग अशांनी काय करायचं? आयसीएल! कॉर्निया न कोरता, बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे आणि आपल्या नैसर्गिक भिंगापुढे एक मऊ लेन्स सरकवतात. नको वाटली तर काढताही येते. खिशाला मात्र जड.

कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग खेळता? डोळ्याला जोरदार फटका बसला तर लेसिकचा पापुद्रा सरकू शकतो. पीआरके या दुसऱ्या पद्धतीत पापुद्राच नाही! वरची पातळ त्वचा बाजूला करून लेझर मारतात आणि ती चार-पाच दिवसांत नव्याने येते. ते चार-पाच दिवस मात्र डोळे चुरचुरतात, पाणी गळतं.

आणि स्माइल ऑपरेशन? नावातच हसू! लेसिकच्या पापुद्र्याचा काप साधारण 20 मिलिमीटरचा, इथलं भोक 2 ते 4 मिलिमीटरचं. आतल्या आत भिंगाच्या आकाराचा तुकडा कापून त्या फटीतून ओढून काढतात. हे काम करणारा फेम्टोसेकंद लेझर डोळ्यांत आला एका अपघातामुळे. 1993 मध्ये मिशिगन विद्यापीठात गॉगल वर केलेल्या एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात लेझर गेला. तपासणाऱ्या डॉक्टरला जखम अचंबित करण्याइतकी नेटकी दिसली! तो लेझर ज्यांच्या लॅबमधला, त्या जेरार मूरू यांना त्यामागच्या तंत्रासाठी 2018 चं नोबेल मिळालं.

पण चाळिशी कोणाला चुकली? लांबचा नंबर गेला, तरी चाळिशीनंतर पेपर वाचायला चष्मा लागू शकतो. तो येतो भिंगाची लवचिकता कमी झाल्यामुळे. आपल्या भाषेनं वयाचं आणि चष्म्याचं नाव एकच ठेवलंय, ते काय उगाच?

स्क्रीनवाल्यांनो, एक मिनिट! ऑपरेशनमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या गेल्यामुळे काही महिने डोळे कोरडे पडू शकतात. आधीच कोरडे असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वय 18 च्या आत, वर्षभरात बदललेला नंबर, गरोदरपण, स्तनपान: यापैकी काहीही असेल तर थांबा. कॉर्निया शंकूसारखा पुढे येणारा केराटोकोनस असेल, तर लेसिकचा विचारच नको. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी असेल, तर नियम आधी वाचा.

तपासणीआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवा, नाहीतर मोजमाप चुकतं. आणि पॅकेजचा रेट विचारण्याआधी डॉक्टरांना हे नक्की विचारा: ऑपरेशननंतर माझ्या कॉर्नियात किती मायक्रॉन उरतील?