स्पॅनिश भाषा : पहिल्या पायरीनंतर

८ मे २०२५ रोजी नवनिर्वाचित पोप लिओ चौदावे संत पेत्राच्या महामंदिराच्या सज्जात प्रथमच जगासमोर आले. शिकागो येथे जन्मलेले पोपमहोदय इटालियन भाषेत बोलत होते. मध्येच त्यांनी स्पॅनिश भाषेतून पेरू देशातील आपल्या चिक्लायो धर्मप्रांताला नमस्कार केला. मातृभाषा इंग्रजीतून मात्र त्या वेळी ते बोलले नाहीत. १९८५ साली तरुण मिशनरी म्हणून ते पेरूला गेले, पुढे चिक्लायोचे बिशप झाले आणि २०१५ साली त्यांनी पेरूचे नागरिकत्व स्वीकारले. प्रौढपणी शिकलेली भाषा माणसाच्या अंतःकरणात किती खोल रुजू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आज सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा स्पॅनिश आहे. त्यांपैकी खुद्द स्पेनमध्ये राहणारे दहांत एकाहूनही कमी. बहुतेक जण लॅटिन अमेरिकेतील आहेत. नोकरी, उच्च शिक्षण वा मिशनकार्य या निमित्ताने आपल्याकडील तरुणही ही भाषा शिकतात. नमस्कार-चमत्कार, संख्या, वर्तमानकाळ, बाजारहाट हा पहिला टप्पा झपाट्याने पार पडतो. त्यानंतर मात्र प्रगती खुंटल्यासारखी वाटते आणि पुष्कळ जण तेथेच पुस्तक मिटतात. याचे कारण असे की, येथून पुढे वस्तूंची नावे पुरेशी पडत नाहीत. घडलेल्या घटनेकडे, मनातील इच्छेकडे आणि समोरच्या माणसाकडे बोलणारा कसा पाहतो, हे व्याकरणातूनच व्यक्त होऊ लागते.

मराठी भाषकाची शिदोरी

या टप्प्यावर मराठी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. ‘मला आंबा आवडतो’ ह्या वाक्यात आंबा हा कर्ता आहे. स्पॅनिशमधील ‘मे गुस्ता’ ही रचना नेमकी अशीच आहे. स्पॅनिशमधील दोन भूतकाळ इंग्रजीच्या आधारे शिकणाऱ्याला छळतात. आपल्याकडे मात्र ‘मी गेलो’ आणि ‘मी जात असे’ हा भेद उपजत आहे. पहिल्यासाठी ‘फुई’, दुसऱ्यासाठी ‘इबा’.

सर्वांत अवघड मानला जातो तो इच्छा, शंका, आशा व्यक्त करणारा क्रियापदाचा अर्थ. ‘तो येतो’ यासाठी ‘विएने’ आणि ‘त्याने यावे’ यासाठी ‘वेंगा’. ‘तो येतो तेव्हा’ म्हणताना ‘विएने’ चालते. परंतु ‘तो येईल तेव्हा’ म्हणताना ‘वेंगा’च हवे, कारण ते येणे अद्याप घडलेले नाही. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण मराठीत म्हणतो तेव्हा ‘येवो’, ‘होवो’ ही रूपे सहज ओठांवर येतात. स्पॅनिश प्रार्थनेत त्याच जागी ‘वेंगा’ आणि ‘आगासे’ येतात. ज्याला प्रार्थना ठाऊक आहे, त्याला ह्या व्याकरणाचा आत्मा आधीच ठाऊक आहे.

‘आहे’ ह्या क्रियापदासाठी मात्र वेगळे कष्ट घ्यावे लागतात. स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. एकाच विशेषणापूर्वी ‘सेर’ वापरले तर ‘तो कंटाळवाणा आहे’ असा अर्थ होतो. ‘एस्तार’ वापरले तर ‘तो कंटाळला आहे’ असा. चूक लहान, पण समोरचा दुखावला जाऊ शकतो.

‘नाहीसा झाला’ की ‘नाहीसा केला’?

भाषेबरोबर इतिहास शिकला नाही तर काय निसटते, हे एका शब्दावरून स्पष्ट होईल. शब्दकोशात ‘देसापारेसिदो’ म्हणजे ‘नाहीसा झालेला’, ‘बेपत्ता’. अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी राजवट होती. त्या वर्षांत हजारो स्त्री-पुरुषांना घरांतून, रस्त्यांवरून उचलून नेण्यात आले आणि ते परत आले नाहीत. ३० एप्रिल १९७७ पासून त्यांच्या माता ब्वेनोस आयरेस येथील प्लासा दे मायो ह्या चौकात जमू लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या मातांपैकी काहींना, तसेच त्यांना साथ देणाऱ्या अलिस दोमों आणि लेओनी द्युके ह्या दोन फ्रेंच धर्मभगिनींनाही नाहीसे करण्यात आले.

तेव्हापासून हा शब्द साध्या हरवण्यासाठी उरला नाही. ‘नाहीसे होणे’ ह्या अकर्मक क्रियापदाला लोकांनी सकर्मक केले : ‘लो देसापारेसिएरोन’, म्हणजे ‘त्यांनी त्याला नाहीसा केला’. ‘झाला’ आणि ‘केला’ यांतील अंतर मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पहिल्यात अपराधी कोणीच नाही, दुसऱ्यात आहे. एखाद्या आईची हकीकत ऐकताना हा फरक ज्याच्या कानांवरून निसटला, त्याने तिचे शब्द ऐकले, तिचे दुःख ऐकले नाही. एल साल्वादोरचे आर्चबिशप संत ऑस्कर रोमेरो आपल्या रविवारच्या प्रवचनांत त्या आठवड्यात मारल्या गेलेल्यांची व नाहीशा केलेल्यांची नावे घेत असत. ती प्रवचने रेडिओवरून घरोघरी ऐकली जात. २४ मार्च १९८० रोजी मिस्साबलिदान अर्पण करीत असतानाच त्यांची हत्या झाली.

एक भाषा, अनेक अंगणे

मराठीतील ‘तू’ आणि स्पॅनिशमधील ‘तू’ उच्चाराने व अर्थाने सारखेच. आदरासाठी ‘उस्तेद’. परंतु अर्जेंटिनात जवळच्या माणसाला ‘वोस’ म्हणतात, तर कोलंबियाच्या काही भागांत घरातल्या घरातही ‘उस्तेद’ चालते. ‘ग्वाग्वा’ म्हणजे क्युबात बस, तर चिलीमध्ये तान्हे बाळ. मेक्सिकोतील ‘अओरीता’ म्हणजे ‘आत्ताच’. पण आपल्याकडील ‘आत्ता येतो’प्रमाणेच त्याला कधी पाच मिनिटे लागतात, कधी दुपार. २०१३ साली रिओ येथे पोप फ्रान्सिस यांनी अर्जेंटिनाच्या तरुणांना ‘लीओ’ करा असे सांगितले. कोश म्हणेल ‘गोंधळ’. पोपमहोदयांना अभिप्रेत होते ते साचलेपण ढवळून काढणे, ख्रिस्तसभेने रस्त्यावर उतरणे.

अभ्यासाची वाट

प्रथम एका देशाची निवड करावी आणि काही महिने तेथलीच बोली ऐकावी. शुभवर्तमानातील परिचित उतारा स्पॅनिशमध्ये मोठ्याने वाचावा. आशय ठाऊक असल्याने लक्ष रचनेकडे जाते. पुढे मेक्सिकोचे हुआन रुल्फो यांच्या लघुकथा घ्याव्यात. दुष्काळी गावे, कोरडी जमीन आणि मोजके शब्द मराठी वाचकाला परके वाटणार नाहीत. रोज पाच ओळी स्वतः लिहाव्यात. प्रगती पारखायची असेल तर इन्स्तितुतो सेर्वांतेस ह्या संस्थेची ‘देले’ परीक्षा ए१ ते सी२ अशा सहा स्तरांवर होते. बी१ व बी२ हे मधले स्तर हेच आपले पुढचे उद्दिष्ट.

वसईकरांना ह्या साधनेचा आदर्श दूर शोधावा लागत नाही. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानमध्ये राहून तेथील भाषा आत्मसात केली होती. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९३ साली स्पॅनिश धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता यांचे दुभाषी म्हणून जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे दोघांनाही क्रुसावर मरण आले. दुभाष्याला शब्द यावे लागतात, आणि ज्यांचे ते शब्द आहेत त्यांच्याजवळ उभे राहावे लागते. पहिल्या पायरीनंतरचा अभ्यास तो यासाठीच.