गणिताची भीती आणि घरची मोजणी

संख्या समोर येताच मनावर येणारा ताण, वाढणारी धडधड आणि उत्तर चुकेल या धास्तीने पाटीवर थबकणारा हात, या अवस्थेला शिक्षणशास्त्रात 'गणितचिंता' म्हणतात. रिचर्डसन आणि सुइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये तिचे मोजमाप करणारी 98 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. पुढे 2001 मध्ये अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी दाखवून दिले की, चिंतेमुळे कार्यस्मृतीवर, म्हणजे हातचा घेताना तो क्षणभर लक्षात ठेवणाऱ्या मनाच्या शक्तीवर भार पडतो आणि येत असलेले गणितही अशा वेळी चुकते. बहुसंख्य मुलांच्या मनात गणिताविषयी भय आणि अपयशाची भावना असते, ही गोष्ट राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 साठी गणित-अध्यापनावर तयार झालेल्या निबंधानेही ठळकपणे मांडली.

चंद्रपूर आणि 1982 मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत या भीतीला भाषेचीही जोड मिळते. येथील अनेक मुलांच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलली जाते, सिरोंचा भागात तेलुगू, तर इतरत्र झाडीबोली. शाळेचे गणित मात्र प्रमाण मराठीत असते. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाने 1976 मध्ये माडिया मुलांसाठी शाळा सुरू केली, तेव्हापासून अशा मुलांना शिकवणाऱ्यांपुढे हा दुहेरी प्रश्न आहे. घरी 'उंदी, रंड, मुंड' असे मोजणारे मूल शाळेत गप्प बसते, तेव्हा त्याला संख्या कळत नाही की संख्येचे नाव कळत नाही, हे आधी तपासावे लागते.

मराठी संख्यानामे मुळातच अवघड आहेत. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी उच्चारला जातो आणि लिहिताना चार आधी येतो. म्हणून ऐकून लिहिणारे मूल 74 लिहिते. 'एकोणसाठ' या नावात साठ ऐकू येतात, पण लिहायचे असतात 59. याउलट तेलुगूत 57 ला 'याभै एडु', म्हणजे पन्नास-सात म्हणतात, त्यामुळे बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच राहतो. याच अडचणीवर उपाय म्हणून बालभारतीच्या 2019 च्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'एकवीस'बरोबरच 'वीस एक' अशी वाचनाची पद्धतही देण्यात आली. त्यावर मोठा वाद झाला, भाषेची मोडतोड होत असल्याचा आक्षेप घेतला गेला, आणि गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची भीती कमी करणे हा त्यामागचा हेतू असल्याचे सांगितले. रूढ नावे मुलांना यायलाच हवीत. परंतु 'चाळीस सात' ही पायरी आधी मिळाली, तर 'सत्तेचाळीस'पर्यंत पोहोचणे सोपे होते, आणि ज्याची मातृभाषाच वेगळी आहे त्या मुलाला तर या पायरीची अधिकच गरज आहे.

दुसरी पायरी घरच्या मोजणीची आहे. महाराष्ट्रात तेंदूपत्त्याच्या एका पुड्यात 70 पाने असतात आणि 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते. मे महिन्याच्या हंगामात पुडे बांधणाऱ्या घरातील मुलाला तीन पुड्यांची पाने विचारली, तर सातचा पाढा आणि दशकाची कल्पना त्याच्या हाताशीच असते. गोणीची 70,000 पाने मोजताना स्थानिक किंमत, म्हणजे अंकाच्या जागेनुसार ठरणारे त्याचे मूल्य, त्याला प्रत्यक्ष दिसते. पायलीने मोजलेला मोह आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे हेही अमूर्त अंकाकडे नेणारे आधार आहेत.

शिक्षकाची वागणूकही तितकीच महत्त्वाची ठरते. घड्याळ लावून घेतलेली तोंडी परीक्षा, चुकल्यावर सर्वांसमोर उभे करणे आणि 'एवढे साधेही येत नाही' हे वाक्य, यांनी चिंता वाढते. त्याऐवजी उत्तर कसे काढले हे शांतपणे विचारले, तर 74 लिहिणाऱ्या मुलाने ऐकलेला क्रम इमानाने पाळला आहे, हे शिक्षकाच्या लक्षात येते आणि चूक हीच पुढील पाठाची सुरुवात होते. जोडीने गणित सोडवू देणे आणि आरंभीचा विचार गोंडीत किंवा माडियात करू देणे, यांसाठी वेगळा खर्च लागत नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून स्वतःच्या बांबूची विक्री व हिशेब ग्रामसभेच्या हाती आले. वनहक्क टिकवायचा तर हिशेब समजणारी पिढी घडली पाहिजे. म्हणून या जिल्ह्यांतील प्रत्येक शिक्षकाने पहिल्याच दिवशी मुलाला विचारावे की, घरी काय मोजतोस आणि कोणत्या शब्दांत मोजतोस. आणि त्याच्या उत्तरापासूनच गणिताचा पहिला धडा सुरू करावा.