तीन अंकांचे उत्तर

गगनबावड्याहून कोकणात उतरणारे घाट दोन, करूळचा आणि भुईबावड्याचा. खालच्या गावांची नावे ज्याला ठाऊक नाहीत, त्याला नुसते 'करूळ घाटाने जा' म्हटले, तरी तो दुसऱ्या घाटाला लागत नाही. आम्हांला ज्या आकड्यांविषयी सांगायचे आहे, त्यांतील पहिला अंक हेच काम करतो.

फोर-जीच्या जाळ्यातून फोन लावला, म्हणजे आपला आवाज निघण्यापूर्वी यंत्रायंत्रांत निरोपांची देवघेव होते. या बोलीचे नाव 'सिप'. तिचे प्रचलित मूळ नियम २००२ सालचे. उत्तर नेहमी तीन अंकी: १८० म्हणजे घंटी वाजते आहे, २०० म्हणजे फोन उचलला, ४८६ म्हणजे येथे बोलणे चालू आहे. संकेतस्थळांवर दिसणारे ४०४ याच घराण्यातले. पहिला अंक उत्तराची जात सांगतो. चार म्हणजे 'येथे जमत नाही', सहा म्हणजे 'कोठेच जमणार नाही'. अंतिम उत्तराचा अनोळखी आकडा आला, तर यंत्राने तो त्या जातीच्या शंभराचा मानावा, असा नियम आहे.

आता कोणी म्हणेल, आपणही आपला आकडा का ठरवू नये? समजा, रुग्णवाहिकेच्या एका क्रमांकावर चार चालकांचे फोन एकदम वाजतात. त्यांतला एक दरड कोसळून घाटात अडकला आहे. त्याच्या फोनने 'घाट बंद' असे आपोआप कळवावे. या उत्तराला ४९९ दिला, तर मधले यंत्र तो ४०० समजेल आणि उरलेले तिघे वाजत राहतील. पण ६९९ दिला की तो ६०० ठरतो, आणि तिघांच्याही घंट्या बंद पाडल्या जातात. रोगी दाराशी, तीन गाड्या मोकळ्या, आणि उत्तर मात्र 'कोठेच नाही'!

आकड्यापुढे शब्दही लिहिता येतात, अगदी मराठीतसुद्धा. पण ते माणसासाठी. यंत्र आकड्यावरच चालते. म्हणून आमचे मत असे, की बहुतेक वेळी नवा आकडा नकोच. ४८०, म्हणजे 'तूर्त उपलब्ध नाही', हा तयार आहे. त्यापुढे 'घाट बंद' लिहावे.

खरोखर नवा अर्थ असेल, तर रीतसर मार्ग आहे. आकड्यांची जागतिक यादी 'आयाना' ठेवते. नको असलेल्या फोनांसाठी ६०७ हा आकडा २०१७ साली असाच आला. जुने यंत्र त्याला ६०० समजते, आणि नकोसा माणूस तरीही परत जातो. यादीबाहेर आपण धरलेला आकडा उद्या दुसऱ्याच अर्थाने तेथे नोंदला गेला, तर बदलावे आपल्यालाच लागते.