व्याज टळले, पण अमानत?

बँकेत पैसे ठेवताना आपल्यापैकी अनेकांना व्याजाचा प्रश्न सतावतो. व्याजमुक्त बँका असलेल्या देशात लोक निश्चिंत असतील, असे आपल्याला वाटते. म्हणून शेजारच्या बांगलादेशाचा अनुभव आपण समजून घ्यायला हवा.

तेथे मार्च १९८३ मध्ये 'इस्लामी बँक बांगलादेश' सुरू झाली. जेद्दाहच्या इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेनेही तिच्यात भांडवल घातले होते. पद्धत समजायला सोपी आहे. एखाद्या बाईला शिलाई मशीन हवे असेल, तर बँक तिला रोख कर्ज देऊन व्याज घेत नाही. मशीन स्वतः खरेदी करते, आपला नफा आधी सांगते आणि हप्त्यांवर तिला विकते. हाच मुराबहा. ठेवीदारालाही ठरावीक व्याज नाही, नफ्यातला वाटा मिळतो. १९९५ मध्ये बँकेने खेड्यांसाठी योजना काढली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत. आखातात राबणाऱ्यांची कमाईही याच बँकेतून घरी येऊ लागली. पुढे अशा दहा बँका झाल्या आणि देशातील एकूण ठेवींचा सुमारे पाव हिस्सा इस्लामी बँकिंगकडे आला.

मग घडी विस्कटली. २०१७ मध्ये या सर्वांत मोठ्या बँकेची सूत्रे बदलली. २०२२ च्या अखेरीस, नावापुरत्या कंपन्यांना प्रचंड रकमा दिल्याच्या बातम्या आल्या आणि ठेवीदार धास्तावले. ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर मध्यवर्ती बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. इतर काही इस्लामी बँकांत तर लोकांना स्वतःचेच पैसे काढता येईनात. अखेर २०२५ मध्ये अशा पाच बँका एकत्र करून सरकारी मालकीची एक बँक करण्याचा निर्णय झाला.

यात दोष व्याजमुक्तीचा नव्हे. सूरह बकरामध्ये रिबा हराम ठरवणाऱ्या आयतींनंतर थोड्याच अंतरावर कुरआनातील सर्वांत मोठी आयत येते. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, असे ती बजावते. पहिला हुकूम पाटीवर झळकला. दुसरा तिजोरीपाशी विसरला गेला.

आपल्या मोहल्ल्यातही बिनव्याजी पतपेढ्या आणि बैतुलमाल चालतात. त्या जरूर वाढाव्यात. मात्र पैसे देताना आपण विचारू या: हिशेब कोण तपासतो? थकबाकी किती? पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांकडे किती रक्कम गेली? असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. अमानत सांभाळण्यात तो आपलाही वाटा आहे.