स्क्रूचं कुलूप

ऑडिओ कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असत. तुकडा मोडला की त्या बाजूवर नवं रेकॉर्डिंग होत नसे. करायचंच असेल तर खाचेवर चिकटपट्टी लावायची. जुन्या क्रोमबुकच्या मदरबोर्डवर हीच युक्ती एका स्क्रूने साधली आहे.

यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारं फर्मवेअर आठ पायांच्या, नखाएवढ्या फ्लॅश चिपमध्ये असतं. ते पुसलं गेलं तर यंत्र चालूच होत नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने कित्येक संगणकांचं नेमकं हेच केलं. म्हणून चिपला कुलूप हवंच.

चिपमधल्या स्टेटस रजिस्टरचे काही बिट कोणता भाग बंद ठेवायचा ते ठरवतात. पण सॉफ्टवेअरने लावलेले बिट सॉफ्टवेअर काढूही शकतं. म्हणून आणखी एक बिट असतो. तो लावलेला असेल आणि चिपची तिसरी, राइट-प्रोटेक्ट पिन शून्य व्होल्टला असेल, तर ते रजिस्टरच गोठतं. क्रोमबुकमध्ये स्क्रूखालची तांब्याची कडी मुद्दाम दुभंगलेली असते. स्क्रूचं डोकं ते तुकडे जोडतं आणि पिन ग्राउंडला टेकते. दूर बसलेला चोर काहीही पाठवो, त्याला पेचकस फिरवता येत नाही. मला हे फार प्रामाणिक कुलूप वाटतं: ज्याच्या हातात यंत्र, त्याच्याच हातात किल्ली. निव्वळ सॉफ्टवेअरच्या कुलपांचं काय होतं, ते २०१८ मध्ये ‘ईसेट’ या सुरक्षा कंपनीला सापडलेल्या लोजॅक्स या मालवेअरने दाखवलं: ढिल्या सेटिंगच्या यंत्रांत ते थेट फर्मवेअरमध्ये जाऊन बसत असे.

अपडेट बंद झालेल्या क्रोमबुकमध्ये नवं फर्मवेअर भरून लिनक्स चालवू पाहणारे इथेच अडखळतात. स्क्रू काढला म्हणजे चिप उघडली असं नाही. फक्त रजिस्टर मोकळं होतं. त्यानंतर ‘फ्लॅशरॉम’ या प्रोग्रामने बंदीचे बिट पुसायचे, आणि त्याआधी मूळ फर्मवेअरची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायची. नवं फर्मवेअर लिहिताना बिघडलंच, तर चिपला क्लिप लावून बाहेरच्या प्रोग्रामर उपकरणाने ती प्रत परत भरता येते. मात्र चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची, हे आधी पाहावं, १.८ च्या चिपला ३.३ दिले तर ती जळू शकते.

पुढच्या अनेक मॉडेलांत स्क्रू गेला. तिथे सुरक्षा चिप बॅटरी जोडलेली आहे का ते पाहते. बॅटरी सोडवून यंत्र चार्जरवर चालवलं की पिन मोकळी होते.

काम झाल्यावर नुसता स्क्रू पिळून भागत नाही. बिट पुन्हा लावले नाहीत, तर पिन ग्राउंडला असूनही चिप उघडीच राहते.